मदत हवी आहे: महापेचं ऑफिस ११ महिने रिकामं. भाडं उतरवावं, को-वर्किंगला द्यावं की विकून टाकावं?

मोगरा_ठाणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. घरात या विषयावर रोज बोलणं होतं आणि निर्णय काही होत नाही. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

बाबा २०१४ ला रिटायर झाले. टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीत ३१ वर्षं नोकरी केली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी आली, त्यात आईचे थोडे दागिने मोडले आणि महापेला एका आयटी बिल्डिंगमध्ये ऑफिस घेतलं. कागदावर ६८० स्क्वेअर फूट, कार्पेट, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरायची जागा, जेमतेम ४२०. सगळे मिळून ५१ लाख गेले. लोन नाही. पीएफची पेन्शन महिन्याला २,९०० रुपये येते, त्यामुळे ऑफिसचं भाडं हीच आईबाबांची खरी पेन्शन होती. मी आणि भाऊ देतोच, पण बाबांना आमच्याकडून पैसे घेताना फार जड जातं, हे मी बघते.

भाडेकरू चांगला होता. अमेरिकेतल्या क्लायंटचं सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी १४ जणांची कंपनी, दर महिन्याच्या ५ तारखेला न चुकता ३६ हजार जमा. मागच्या वर्षी त्यांचं काम कमी होत गेलं, १४ चे ९ झाले, ९ चे ५, आणि मग एक दिवस मालक स्वतः ठाण्याला घरी आला, म्हणाला काका आता आम्ही सगळे घरूनच काम करणार, भाडं परवडत नाही. लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, कधीच संपला होता, नियमाप्रमाणे नोटीस दिली, बाबांनी डिपॉझिट पूर्ण परत केलं. त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

तेव्हापासून ११ महिने जागा बंद. मेंटेनन्स मात्र चालूच, ९ रुपये फुटाने ६,१२० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७,२२२ खिशातून. वर प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला २२ हजार. क्लासवाले आले, एक पॅथॉलॉजी लॅबवाला आला, पण बिल्डिंग आयटीची म्हणून त्यांना देता येत नाही, असोसिएशनने स्पष्ट सांगितलं.

आता समोर तीन गोष्टी आहेत.

एक छोटी कंपनी आहे, पेरोल आणि टॅलीचा सपोर्ट देणारी, ८ माणसं. ते २८ हजार म्हणतात आणि पहिला महिना फ्री मागतात. ३ वर्षांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट दीड लाख.

दुसरा एक को-वर्किंगवाला, म्हणजे जागा घेऊन त्यातली टेबलं वेगवेगळ्या लोकांना भाड्याने देणारा. त्याला आमचं आणि शेजारची दोन ऑफिसं जोडून घ्यायचीत, मधल्या भिंती पाडणार. फिक्स भाडं नाही, जे उत्पन्न येईल त्यातला हिस्सा देणार. त्याने जो तक्ता दाखवला त्यात महिन्याला ४५ हजारपर्यंत आकडा जातो. पहिले ३ महिने फर्निचरच्या कामासाठी काही मिळणार नाही आणि आम्हाला ५ वर्षं जागा परत मागता येणार नाही.

तिसरं म्हणजे विकणं. ब्रोकर ४८ लाखाचं गिऱ्हाईक आहे म्हणतो. म्हणजे ११ वर्षांनी घातले त्याहून कमी.

बाबांचं म्हणणं, ३६ च्या खाली द्यायचं नाही, एअरपोर्ट सुरू झालाय, थांबू या. मला वाटतं थांबण्यात रोज पैसे जातायत. पण मी शाळेत शिकवते, यातलं मला कळत नाही, आणि ७० वर्षांच्या माणसाला त्याच्या आयुष्यभराच्या कमाईबद्दल सल्ला देताना हात कापतो. कुणी या पट्ट्यात जागा भाड्याने दिली असेल, विकली असेल तर कृपया सांगा.

वाशीवाला

ताई, माझी वाशीत दोन छोटी ऑफिसं आहेत, १८ वर्षं भाड्याने देतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी एअरपोर्टचं. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, सगळं खरं. पण त्याचा ओढा उलवे-पनवेलकडे आहे. गोदामं, हॉटेलं, कार्गोवाले तिकडे जागा बघतायत. महापेच्या ४२० फुटाला त्याने लगेच भाडेकरू मिळत नाही. बाबांना हे जरूर समजावा, कारण अटल सेतू जानेवारी २०२४ ला सुरू झाला तेव्हाही आमच्या बिल्डिंगमधले अर्धे मालक असंच थांबले होते, मीही त्यातलाच, आठ महिने घालवले.

छोट्या ऑफिसचं दुखणं वेगळंच आहे. तुमच्याकडे येणारा भाडेकरू हा मोठ्या कंपन्यांचं किंवा परदेशातलं काम खाली घेणारा असतो. तिकडे क्लायंटने हात आखडता घेतला की सगळ्यात आधी याचं काम थांबतं आणि हा सगळ्यात आधी जागा सोडतो. त्यात ऐरोलीसारख्या ठिकाणच्या मोठ्या आयटी पार्कमध्ये बरीच जागा एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) अडकून होती, २०२० नंतर सुरू होणाऱ्या युनिटला इन्कम टॅक्सची सवलत बंद झाल्यावर तिला गिऱ्हाईक मिळेना. डिसेंबर २०२३ ला नियम बदलला आणि मजल्यागणिक जागा एसईझेडमधून बाहेर काढायची मुभा मिळाली. आता तीच चकाचक जागा साध्या कंपन्यांनाही घेता येते, लिफ्टबाहेर रांग नाही, जनरेटर आहे, कँटीन आहे. म्हणजे मोठी जागा भरतेय आणि आपली रिकामी राहतेय, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पेपरात ऑफिस मार्केट जोरात असं वाचून आपण भाडं धरून बसतो, तो जोर आपल्या जिन्यापर्यंत येत नाही.

आता साधा हिशोब करा. ११ महिने गुणिले ३६ हजार, ३ लाख ९६ हजार गेले. २८ ने दिलं तर महिन्याला ८ हजार कमी. ८ हजाराने ३ लाख ९६ हजार गमवायला चार वर्षांहून जास्त लागतात. हे बाबांना कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगू नका. मला माझ्या मुलाने असंच दाखवलं होतं.

आणि घासाघीस करायची असेल तर भाडं कमी करण्याऐवजी फ्री महिने वाढवा. दोन महिने फ्री द्या पण ३० घ्या, दरवर्षी ५ टक्के वाढ लिहून घ्या. पुढच्या वेळी वाढ मोजली जाते ती कागदावरच्या आकड्यावर.

खाडीपलीकडे

को-वर्किंगला मिनिमम गॅरंटीशिवाय अजिबात देऊ नका. माझ्या चुलतभावाने वागळे इस्टेटला दिलं होतं, पहिल्या सहा महिन्यांत हिस्सा म्हणून जे आलं त्यात मेंटेनन्सही सुटला नाही. तक्ता कुणीही बनवतो. त्याला खरंच ४५ ची खात्री असेल तर २५ ची गॅरंटी द्यायला काय हरकत आहे, असं सरळ विचारा. आणि पाच वर्षं तुम्ही बांधलेले पण तो नोटीस देऊन कधीही मोकळा, असं असेल तर लॉक-इन फक्त तुमच्या गळ्यात आहे. भिंत पाडण्याआधी असोसिएशन आणि एमआयडीसी, दोन्हीची परवानगी लागेल. सोडून गेला तर भिंत कोण बांधणार तेही लिहून घ्यावं लागेल.

मोगरा_ठाणे

वाशीवाला दादा, खाडीपलीकडे, मनापासून आभार. को-वर्किंगवाल्याला काल गॅरंटीचं विचारलं. म्हणाला आमच्या मॉडेलमध्ये बसत नाही. तो विषय संपला.

अजून एक, २८ वाल्यांचा अकाउंटंट म्हणतोय की बाबांना जीएसटी नंबर काढावा लागेल. खरं आहे का? बाबांना त्याचीच फार भीती बसलीय, दर महिन्याला रिटर्न कोण भरणार म्हणून.

हिशोबी_मावशी

मोगरा, बाबांना सांग घाबरू नका. सगळं मिळून वर्षाला २० लाखाच्या आत उत्पन्न असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून असं आहे की मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूने स्वतः भरायचा, रिव्हर्स चार्जने. त्याला तो क्रेडिटमध्ये परत मिळतो. त्या अकाउंटंटला बहुतेक स्वतःकडचं काम टाळायचंय. टीडीएसची मर्यादाही एप्रिल २०२५ पासून महिन्याला ५० हजार झालीय, त्यामुळे २८ हजारावर कापला जायचा प्रश्न नाही.

ॲग्रीमेंट मात्र रजिस्टर करच. आपल्या राज्यात रजिस्टर करायची जबाबदारी मालकावर असते. ३ वर्षांच्या लिव्ह अँड लायसन्सला स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का, तुझ्या आकड्यांवर २,६००-२,७०० होईल. एवढ्यासाठी नोटरीवर भागवू नकोस.

आता जे कुणी बोललं नाही ते मी बोलते, राग मानू नकोस. २८ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ८६ हजार ६०० आणि टॅक्सचे २२ हजार गेले की हातात २ लाख २७ हजार, म्हणजे महिन्याला १९ हजार. तेही जागा भरलेली असताना. उलट ४८ लाख हातात आले आणि आईबाबा दोघंही साठीच्या पुढचे असतील, तर पोस्टात सीनियर सिटिझन स्कीम आहे, एकाला ३० लाखापर्यंत ठेवता येतात, सध्या ८.२ टक्के. ४५ लाख जरी दोघांच्या नावे टाकले तरी महिन्याला ३० हजारावर पडतात. दर तिमाहीला खात्यात, आणि टाकताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आला, एफडीचे दर उतरले, या स्कीमचा अजून टिकून आहे. ज्यांची पेन्शन फक्त २,९०० आहे त्यांना ११ महिने रिकामी राहू शकेल अशी वस्तू पेन्शन म्हणून परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत.

पण रिकामं विकू नकोस! आधी भाडेकरू बसव, ॲग्रीमेंट रजिस्टर कर, सहा-आठ महिने भाडं खात्यात दिसू दे, मग बाजारात काढ. भाडं चालू असलेली जागा घेणारा माणूस वेगळा असतो, तो रिकाम्या जागेसारखा पाडून मागत नाही. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या लीजवर असते, विकताना ट्रान्सफरची परवानगी आणि तिचे पैसे लागतात. ते कोण भरणार हे टोकन घेण्याआधी ठरव. भाडेकरूच्या ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ घाल की मालक बदलला तरी करार चालू राहील.

वाशीवाला

मावशींशी सहमत, फक्त एक. ११ वर्षांत भाव वाढला नाही म्हणून पुढेही वाढणार नाही असं मी म्हणणार नाही. पण ते थांबणं ज्याचं घर त्या भाड्यावर चालत नाही त्याने करावं. माझं चालत नाही, मी थांबलोय.

मोगरा_ठाणे

मावशी, राग कसला. तुमचा हिशोब तीन वेळा वाचला, मग वहीत उतरवला.

काल शनिवार होता. बाबा दर शनिवारी महापेला जातात, हे मला माहीत होतं, पण तिथे जाऊन नेमकं काय करतात ते कधी विचारलं नव्हतं. काल मी सोबत गेले. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. वर जाऊन त्यांनी आधी खिडक्या उघडल्या, मग बाथरूममध्ये नळ सोडला, फ्लश केला, म्हणाले पाणी वाहिलं नाही तर पाइपातून वास येतो. मग दोन्ही एसी दहा-दहा मिनिटं चालवले. तोपर्यंत फडक्याने टेबलं पुसत होते. एकही माणूस बसत नाही त्या चौदाच्या चौदा जागा पुसल्या. छतातून नेटच्या वायरी लोंबत होत्या त्या गुंडाळून त्यांना रबरबँड लावले. हे ११ महिने चाललंय.

तिथेच एका टेबलावर बसून वही दाखवली. चार वर्षांचा हिशोब आधी, १९ हजाराचा नंतर. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, २८ नाही, ३० सांग, दोन महिने फ्री दे, आणि भाडेकरूला सांग एसीचं सर्व्हिसिंग मी करून देतो. विकायचं बघू दिवाळीनंतर, नाही म्हणाले नाहीत.

परत येताना रिक्षात मीच ब्रोकरला फोन लावला. सोमवारी ते लोक जागा पुन्हा बघायला येतायत. मावशी, मालक बदलण्याची ती ओळ नेमक्या कुठल्या शब्दांत लिहायची, सांगाल का?