मदत हवी आहे: ट्रॅकसाठी हान्स घ्यावं की हायब्रिड?

नोव्हीकर
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. पुढच्या शनिवारी साउथ हेवनला (मिशिगन) जिंजरमन रेस ट्रॅकवर ट्रॅक डे आहे (आपापली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस), नासाचा. अवकाशवाली नव्हे, मोटरस्पोर्टवाली नासा. गाडी टोयोटा जीआर८६. मानेच्या संरक्षणाचं काहीतरी घेतल्याशिवाय जायचं नाही असं घरून बजावलंय आणि ते मलाही पटलंय. हेल्मेटला दोऱ्यांनी बांधून डोकं आवरणाऱ्या उपकरणांपैकी हान्स, सिम्पसन हायब्रिड एस की नेक्सजेन? दोन दिवसांत ऑर्डर गेली नाही तर वेळेत येणार नाही. कृपया एकच नाव सांगा. आगाऊ धन्यवाद.

अपेक्स_पुणे
गाडीत पट्टे कुठले आहेत?

तिसरा_गिअर
डोळे झाकून हान्स घ्या. फॉर्म्युला १ मध्ये २००३ पासून सक्तीचं आहे. बसायच्या कलानुसार अंशांत मिळतं, बंद गाडीला बहुतेकांना २० अंशाचं बसतं, आडवं रेलून बसायच्या फॉर्म्युला गाडीला ३०. मी कोइंबतूरला करी स्पीडवेवर हेच वापरतो, कधी तक्रार नाही.

कार्टवाले_बाबा
एवढा खर्च कशाला? माझा मुलगा कार्टिंगला गळ्यात फोमची कॉलर घालतो. स्वस्त आणि मस्त.

स्टटगार्टकर
बाबा, कार्टला पट्टाच नसतो, म्हणून तिथे हान्सचा प्रश्नच येत नाही. गाडीत धड पट्ट्याने जखडलेलं असतं आणि डोकं हेल्मेटच्या वजनासकट पुढे जात राहतं. सगळा ताण मानेवर येतो आणि कवटीचा तळ तडकतो. १९९४ला इमोलाला रात्झेनबर्गर, २००१ला डेटोनाला डेल अर्नहार्ट, दोघेही रेसर याच दुखापतीने गेले. फोमची कॉलर डोक्याला मागे ओढून धरत नाही.

नोव्हीकर
हे सगळं वाचलंय हो. मला निवड करायची आहे. पट्टे जे गाडीबरोबर येतात तेच.

अपेक्स_पुणे
म्हणजे तीन पॉइंटचे. मग हान्स बाद. कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, ते तुमच्या गाडीत कामच करणार नाही. हान्सचे दोन पाय खांद्यांवरून छातीवर येतात आणि रेसिंगच्या हार्नेसचे, दोन्ही खांद्यांवरून येणारे, दोन पट्टे ते दाबून धरतात. हेल्मेटच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या त्यालाच अडकवलेल्या असतात, त्यामुळे डोक्याचा झटका दोऱ्यांतून पट्ट्यांवर उतरतो. तुमच्या गाडीत पट्टा फक्त डाव्या खांद्यावरून जातो. उजवा पाय कोण दाबणार? धडक बसली की धड पट्ट्याभोवती फिरतं आणि हान्स खालून निसटतं. घरी करून बघायचं तर खांद्यांवर एखादं जाड पुस्तक ठेवा, एकाच बाजूने दाबा आणि पुढे वाका.

तिसरा_गिअर
त्यात काय अवघड? हार्नेस बार (सीटमागचा आडवा दांडा) टाका, चार पॉइंटचे पट्टे बसवा, मग हान्स. दुपारभराचं काम.

अपेक्स_पुणे
कृपया असा सल्ला देऊ नका. दोन मांड्यांमधला पट्टा नसला तर खांद्याचे पट्टे ताणले जाताना कंबरेचा पट्टा पोटावर वर ओढला जातो आणि माणूस खालून सरकतो. श्रोथ कंपनीचे एएसएमवाले (माणूस खालून सरकू नये अशी रचना असलेले) चार पॉइंट वेगळे, त्यात एका खांद्याचा पट्टा मुद्दाम थोडा सैल पडेल असा बनवलेला असतो. बाजारातले बाकीचे चार पॉइंट तसे नसतात. शिवाय मूळ सीटला खांद्याच्या पट्ट्यांसाठी भोकं नाहीत. आणि गाडी उलटली, छत दबलं, तर हार्नेसने ताठ जखडलेल्या माणसाला बाजूला कलता येत नाही. रोल बार (छत दबू नये म्हणून आत बसवलेला पोलादी बार) नसताना पूर्ण हार्नेस हा माझ्या मते धोका वाढवणारा उद्योग आहे.

तिसरा_गिअर
मी वर्षानुवर्षं वापरतोय, काही झालं नाही.

अपेक्स_पुणे
काही झालं नाही तोवर कुठलंही साधन चांगलंच वाटतं. तुमच्या गाडीत रोल केज, म्हणजे आतला पोलादी पिंजरा, आहे का ते सांगा.

तिसरा_गिअर
आहे.

अपेक्स_पुणे
मग तुमचं बरोबर आहे. पण यांच्या गाडीत नाही.

फिजिओ_सई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेचे स्नायू बळकट करण्याकडे कुणीच लक्ष देत नाही. कपाळाला हात लावून डोक्याने हाताला दाबायचं, मान हलू द्यायची नाही. चारही बाजूंनी, रोज. उपकरणांपेक्षा हे आधी.

स्टटगार्टकर
सईताई, वळणावर मान दमू नये म्हणून व्यायाम हवाच, फॉर्म्युलाचे ड्रायव्हर करतातच. पण धडकेत सगळं इतक्या कमी वेळात घडतं की स्नायू आवळायची सवडच मिळत नाही. दोन्ही करावं, एकाऐवजी दुसरं नाही.

फिजिओ_सई
मान्य. "आधी" हा शब्द मागे घेते, व्यायामाचा सल्ला नाही.

ब्रेकपॅड
नव्या माणसाने आधी ब्रेक फ्लुइड बदलावं. जुन्या फ्लुइडमध्ये पाणी मुरलेलं असतं, सलग फेऱ्यांत ते उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. धडकच झाली नाही तर मानेचा प्रश्न येतोच कुठे?

नोव्हीकर
फ्लुइड बदललंय, पॅडही. कृपया मानेवर बोलूया. अपेक्स, मग हायब्रिड एस नक्की करू?

अपेक्स_पुणे
हेल्मेट कुठलं?

नोव्हीकर
बाइकवर वापरतो तेच. चांगलं आहे, मागे स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचा एम२०२० स्टिकर आहे. क्लब पहिल्या, म्हणजे नवशिक्यांच्या गटाला ते चालवून घेतो.

अपेक्स_पुणे
हे आधी सांगायला हवं होतं. क्लब चालवून घेईल, पण दोऱ्या कशाला अडकवणार? गाडीच्या रेसिंगचं हेल्मेट एसए शिक्क्याचं असतं. एसए२०१५ पासून त्यात या दोऱ्यांच्या खुंट्यांसाठी आट्यांची भोकं कारखान्यातूनच येतात. बाइकच्या एम हेल्मेटला ती नसतात. घरी ड्रिल मारायचा विचारही करू नका, कवच कमकुवत होतं. एसए हेल्मेटची आगीतही चाचणी होते, एमची होत नाही. तर पहिली खरेदी एसए२०२० हेल्मेट. दुकानात जाऊन डोक्यावर घालून बघा, गाल दाबले गेले पाहिजेत.

कॅन्टनकर
मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, इकडेच सीटबेल्टच्या क्षेत्रात काम करतो. तीन पॉइंटच्या पट्ट्यात धड थोडं पुढे येऊ दिलेलं असतं आणि समोर एअरबॅग असते. डोकं आणि छाती बऱ्यापैकी एकत्र पुढे जातात, त्यामुळे मानेवरचा ताण सहा पॉइंटच्या हार्नेसपेक्षा कमी येतो. पहिल्या गटात, शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून चालवायचं असेल तर मूळ पट्टे, एअरबॅग आणि एसए हेल्मेट हा वेडेपणा अजिबात नाही. हार्नेस घातलं तर मात्र मानेचं उपकरण हवंच, तिथे तडजोड नको.

स्टटगार्टकर
पण गाडीच्या क्रॅश चाचण्या हेल्मेट न घातलेल्या पुतळ्यांवर होतात. डोक्यावर दीड किलो वाढवल्यावर हिशेब बदलतो.

कॅन्टनकर
बदलतो, म्हणूनच हायब्रिड एसला माझा विरोध नाही. ते अंगावर स्वतःच्या पट्ट्यांनी बांधलं जातं, गाडीच्या पट्ट्यावर अवलंबून नाही, म्हणून तीन पॉइंटबरोबर चालतं. एसएफआय ३८.१ या सुरक्षा मानकाचा शिक्का आहे. पुढे गाडीत केज आणि सहा पॉइंट आले तरी तेच वापरता येईल. नेक्सजेन हान्ससारखंच खांद्याच्या पट्ट्यांखाली बसतं, त्यामुळे तेही आत्ता बाद. जुनं घेणार असाल तर शिक्क्यावरची तारीख बघा, दर पाच वर्षांनी तपासून नवा शिक्का घ्यावा लागतो.

मिटमिटा
अवांतर: हे हान्स नक्की कुणी काढलं?

स्टटगार्टकर
तुमच्या धागाकर्त्यांच्या राज्यातच! मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्स शिकवणारे रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग. १९८१ला मिड-ओहायोवर पॅट्रिक जॅकमार हा त्यांचा परिचित ड्रायव्हर गेला, तिथून हा विचार सुरू झाला. कित्येक वर्षं कुणी विचारलं नाही. १९९०च्या दशकात फॉर्म्युला १ साठी एअरबॅगचा विचार चालू होता, मर्सिडीजने चाचण्या केल्या आणि हान्स सरस ठरलं. अमेरिकेतल्या नॅसकार रेस मालिकेने अशा उपकरणाची सक्ती केली ती अर्नहार्टनंतर, ऑक्टोबर २००१ला. मला याचं फार वाईट वाटतं. साधन तयार होतं, माणसं तरीही जात राहिली.

चिंचवडची_मनी
भारतात हे मिळतं का? मिस्टर चेन्नईला मद्रास सर्किटवर जाणार आहेत. पोलो आहे, आपल्या चाकणचीच.

अपेक्स_पुणे
मिळतं, बहुतेक मागवावं लागतं. पण त्यांच्या पोलोत पट्टे कुठले, केज आहे का आणि हेल्मेट आयएसआय बाइकचं की एसए, एवढं लिहा. नवा धागा काढलात तर बरं.

नोव्हीकर
सर्वांचे आभार. आज एसए२०२० हेल्मेट घेऊन आलो, खुंट्या बसवून मिळाल्या. हायब्रिड एसचं माप छातीवरून असतं, ते घेऊन ऑर्डर केली. पट्टे मूळचेच ठेवतोय. शनिवारपर्यंत पोचलं नाही तर?

कॅन्टनकर
तर हेल्मेट घालून पहिल्याच गटात जा. सीट मागे घ्या, पट्टा झटक्याने ओढून लॉक करा, मग सीट पुढे आणा, म्हणजे अंग घट्ट धरलं जातं. आणि इन्स्ट्रक्टरला सुरुवातीलाच सांगा की आज वेग वाढवायचा नाही.

फिजिओ_सई
आणि व्यायाम आजपासून सुरू करा!