वाचकांची मालकी की वाचकांचा हक्क?

दवबिंदू : आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ च्या डिसेंबरात आपल्या कथांतल्या गुप्तहेर शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात संपवले, तेव्हा उसळलेल्या संतापावरचा एक लेख मी अनुवादित करते आहे. वाचकांना होम्स ‘आपला’ वाटे, या अर्थी मी ‘मालकी’ लिहिले. संपादकांनी काट मारून ‘स्वामित्वभावना’ केले. मला दोन्ही पटत नाहीत.

जुना वाचक : ‘हक्क’ लिहा. मालकी डॉइल यांचीच होती आणि ती त्यांनी सढळपणे वापरू दिली. नाटकात होम्सचे लग्न लावू का, असे नट विल्यम जिलेट यांनी विचारले, तेव्हा लग्न लावा नाहीतर ठार मारा, असे त्यांनी कळवले. मात्र होम्स गेल्यावर एका बाईंनी पाठवलेल्या पत्राची सुरुवातच त्यांना पशू म्हणून झाली होती, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. बलुतेदार शेताचा मालक नसे, तरी पिकात त्याचा हक्क असे. त्या बाईंचा राग याच जातीचा आहे.

शुद्धमती : ‘मालक’ आणि ‘हक्क’ दोन्ही अरबी. ‘अधिकार’ असताना हा आग्रह कशाला?

जुना वाचक : एखाद्याचा गाण्यातला अधिकार मोठा, असे आपण म्हणतो तेव्हा साधना अभिप्रेत असते. रागावायला साधना लागत नाही. शिवाय पेशवाईच्या कागदांत ‘हक्क’ सर्रास सापडतो; तो परका उरलेला नाही.

पिटातला प्रेक्षक : संगीत नाटकवाल्यांकडे याहून नेमका शब्द होता, ‘मायबाप’. बालगंधर्वांच्या पदाला ‘वन्स मोअर’ आला की ते पुन्हा घ्यावेच लागे आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे, असे आजोबा सांगत. मायबाप मालक नसतात, पण त्यांचा शब्द मोडवत नाही.

शुद्धमती : मायबाप सरकारलाही म्हणतात. त्यात याचना आहे.

पिटातला प्रेक्षक : वारकरी विठ्ठलाला मायबाप म्हणतो आणि त्याच्याशी कडाकडा भांडतोही. ही याचना नव्हे.

दवबिंदू : माझी अडचण पुढच्याच परिच्छेदात आहे. १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला, त्यामागे वाचकांच्या रेट्याइतकाच अमेरिकन साप्ताहिकाने देऊ केलेला घसघशीत मोबदलाही होता. मग तिथे ‘हक्क’ टिकेल का?

शुद्धमती : ते नंतर पाहू. ‘वन्स मोअर’ला शंभर वर्षांत मराठी शब्द का रुजला नाही, हे आधी कोणी सांगेल का?