आईला सावद्याहून पुण्याला न्यायचंय: जळगावचं विमान की रात्रीची रेल्वे?

केळीबाग_सावदा
नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात ठरलंय. पाय दुमडून फार वेळ बसवत नाही, ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये चढणं तर लांबच. जळगाव-पुणे विमानाचं अंतर नेटवर ३२० किमी दिसतं, पण वेळ कुठे ४० मिनिटं, कुठे सव्वा तास. खरं काय धरायचं? सावद्याच्या घरातून कोथरूडपर्यंत एकूण किती वेळ जाईल?

भुसावळ_जंक्शन
दादा, ३२० हे सरळ रेषेतलं अंतर. या मार्गावर एटीआर ७२ असतं, पंख्याचं विमान, ताशी साधारण ५०० किमी. नुसता भागाकार केला की ४० मिनिटं येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, पुण्याला उतरायची पाळी येणं हे त्यात नसतं. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, तिथे वर घिरट्या घालाव्या लागू शकतात. तिकिटावरची वेळच खरी माना.

आता घर ते घर. सावदा ते जळगावचं कुसुंब्याचं विमानतळ दीड तास, दीड तास आधी पोहोचायचं, उड्डाण सव्वा तास, सामान अर्धा तास, लोहगाव ते कोथरूड तासभर. पावणेसहा तास झाले. मोटारीने नऊ-दहा तास सहज जातात.

रेल्वेचं म्हणाल तर महाराष्ट्र एक्सप्रेस, आझाद हिंद आहेत. पण गाडी आधी पश्चिमेला मनमाड, मग खाली दौंड, तिथून परत पश्चिमेला पुणे. जळगावहून ३२० चे पावणेपाचशे किमी होतात ते या वळशामुळे. तरी खालचा बर्थ मिळाला तर आईला पाय लांब करून झोपता येईल, हे विमानात नाही.

शहादेकर
आमच्या भागातून जळगाव गाठण्यापेक्षा सुरत बरं पडतं. सावद्याला मात्र जळगावच.

तापीकाठची_ताई
मी माझ्या सासूबाईंना याच विमानाने नेलंय, म्हणून कळकळीने सांगते. एटीआरचं दार मागे असतं आणि दाराचीच शिडी होते. पायऱ्या मोजक्या, पण गुडघेदुखीच्या माणसाला उंच वाटतात. बुकिंग करतानाच ‘पायऱ्या चढता येत नाहीत’ असं स्पष्ट सांगा. नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर खुर्ची शिडीच्या पायथ्याशी थांबते. सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या आणि दुखरा पाय वाटेच्या बाजूला येईल अशी. डोक्यावरचे कप्पे लहान असतात, एक्स-रेची मोठी पाकिटं हातातच ठेवा.

२०२४ मध्ये फ्लाय नाइन्टीवन या विमान कंपनीने जळगाव-पुणे सुरू केलं, पण वार आणि वेळा मार्च-ऑक्टोबरच्या शेवटी बदलतात. दवाखान्याची तारीख विमानाच्या दुसऱ्याच दिवशीची नको. मध्ये दोन दिवस ठेवा, म्हणजे उड्डाण रद्द झालंच तर रेल्वेने पोहोचता येईल.

केळीबाग_सावदा
ताई, पायऱ्यांचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जाताना विमानच करतो. येतानाचंही आत्ताच काढून ठेवू का?

तापीकाठची_ताई
नका काढू. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो, विमान असो की मोटार. सर्जनला विचारा, प्रवासाला हरकत नसल्याचं लिहून घ्या आणि मगच तिकीट.