बोटीवरच्या एलईडी दिव्यांचे विद्युतचुंबकीय उत्सर्जन कमी खर्चात कसे मोजावे?

दिवेवाला, रत्नागिरी
माझ्या छोट्या कारखान्यात मासेमारी नौकांसाठी २४ व्होल्टवर चालणारे एलईडी दिवे तयार होतात. मिरकरवाड्याच्या एका तांडेलाची तक्रार आली की, डेकवरचा दिवा लावताच बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर खरखर सुरू होते आणि लांबच्या बोटीचे बोलणे ऐकू येत नाही. मी स्वतः जाऊन पाहिले, तक्रार खरी आहे. प्रमाणपत्रासाठी प्रयोगशाळेत जावे लागेलच, परंतु प्रत्येक बदलानंतर नवी मुंबई गाठणे परवडत नाही. दोष कुठे आहे, एवढे तरी टेबलावरच कळेल असे साधन सुचवावे.

हॅम, देवगड
अशा दिव्यांबाबत अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्येच इशारा दिला होता, तेव्हा तांडेलाला दोष देऊ नका. संकटकाळी वापरायचा सोळावा चॅनल १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे आणि काही हजार रुपयांचा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) तिथे आरामात पोहोचतो. प्रोब, म्हणजे उत्सर्जन टिपणारे कडे, घरीच करावा: बारीक को-ॲक्स केबलचे (मध्ये तार, भोवती धातूची जाळी) टोक वाकवून दोन-तीन सेंटिमीटरचे कडे करावे, टोकाची तार आणि जाळी कड्याच्या मुळाशी केबलच्या जाळीला डाग देऊन जोडावी आणि कड्याच्या माथ्यावर फक्त जाळी थोडी कापावी. डोंगलचा ऑटो गेन (जोर आपोआप कमी-जास्त करणे) बंद करून, दिवा बॅटरीवर लावून हे कडे सर्किटवरून फिरवल्यास कॉइल, डायोड आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर यांपैकी कोण ओरडते ते दिसेल. आधी दिवा बंद ठेवून पार्श्वभूमी नोंदवा. डोंगल आठ बिटांचाच असल्याने एफएम केंद्राच्या जोराने तो भांबावतो आणि नसलेले सिग्नल दाखवतो. सिग्नल १० डेसिबलने कमी करणारा ॲटेन्युएटर लावल्यावर पडद्यावरचे एखादे शिखर त्याहून बरेच अधिक खाली गेले, तर ते खोटे समजावे.

जुना वायरमन, चिपळूण
वरील सल्ला योग्य आहे, मात्र कड्याने मिळालेल्या आकड्यावरून प्रयोगशाळेत तीन मीटर अंतरावर मोजायच्या उत्सर्जन मर्यादेशी तुलना करू नये. तो केवळ आधी-नंतर पाहण्यासाठी आहे. शिवाय १५६ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १.९ मीटर असते, त्यामुळे तळहाताएवढ्या सर्किटपेक्षा दिव्याची वायरच अँटेनाचे काम करते. दोन्ही तारांवरून एकाच दिशेने वाहणारा पाच मायक्रोअँपियर प्रवाहसुद्धा, मीटरभर वायर असेल तर, मर्यादा ओलांडायला पुरतो. वायरभोवती बसणाऱ्या, उघडणाऱ्या फेराइटवर (चुंबकीय पदार्थाच्या कड्यावर) डोंगलकडे जाणाऱ्या केबलचे चार-पाच वेढे घेतले की प्रवाह पाहण्याचा क्लॅम्प तयार होतो. तो वायरवरून सरकवून पाहा, कारण वायरवर उभ्या राहणाऱ्या तरंगामुळे प्रवाह सगळीकडे सारखा नसतो.

दिवेवाला, रत्नागिरी
दोघांचेही आभार. सर्किटवर कॉइलजवळ शिखर मिळाले, पण क्लॅम्पवर ते वायरच्या मध्यभागी अधिक होते. ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) तोंडाशी वायरवर फेराइट बसवल्यावर ते ९ डेसिबलने उतरले. मी हौसेने त्यातून वायरचे आणखी वेढे घेतले, तर उलट वाढले!

हॅम, देवगड
वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे फेराइटची पकड खालच्या फ्रीक्वेन्सीवर सरकली. एकच वेढा ठेवून दुसरा फेराइट शेजारी लावा आणि मग इनपुटचा कपॅसिटर बघू.