अनुभव धागा: 'वेळ आली की होईल' असे म्हणत काढलेले दिवस

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांत ज्यांनी देवावर भार टाकून अपयशाचे दिवस काढले, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. शेवट गोड झाला नसेल तरीही लिहावे; किंबहुना तसे अनुभव फारसे कोणी सांगत नाही.

खानापूर तालुका

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने आमच्याकडची पोरे मिसरूड फुटण्याआधीच पहाटे रस्त्यावर धावू लागतात. 1.6 किलोमीटरची धाव मी वेळेत मारत असे. छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढवण्याचा सराव तर आरशासमोर टेप धरून चाले. 2020 च्या आरंभी वयाची अट संपायला काही महिने उरले असताना कोरोनामुळे भरती थांबली. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि त्या वर्षापुरती वयोमर्यादा 21 वरून 23 करण्यात आली, तोवर मी तीही ओलांडली होती. आई दर वेळी कणकुंबीच्या माउलीकडे बोट दाखवून म्हणे, "तिला ठाऊक आहे कधी द्यायचे ते." त्या वाक्याचा मला संताप येत असे, कारण भरतीची तारीख माउली ठरवत नव्हती. आज मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतो. हे फौजेपेक्षा बरे झाले, असे मी म्हणणार नाही. मात्र देवाची वेळ म्हणजे माझ्या मनासारखी वेळ, हा समज गेल्यापासून आईबरोबर पुन्हा माउलीच्या पाया पडता येते, एवढे खरे.

निपाणी भाग

ऑगस्ट 2019 च्या महापुरात वेदगंगेचे पाणी घरात शिरले आणि मातीच्या दोन भिंती बसल्या. पूर्ण पडलेल्या घरांना सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले. आमच्या घराची नोंद मात्र 'अंशतः' अशी झाली. सासरे माळकरी. शाळेतील निवारा केंद्रात त्यांनी एका संध्याकाळचे भजन चुकवले नाही, आणि पुढे कचेरीची पायरीही चुकवली नाही. "पांडुरंग बघून घेईल, पण अर्जावर सही आपल्यालाच करावी लागते," असे ते म्हणत. नोंद काही बदलली नाही. कर्ज काढून आम्ही जोते उंच घेतले; जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आले, तेव्हा ते जोत्याला लागून थांबले. सासरे त्याला कृपा म्हणतात, आमचे हे गवंड्याचे काम म्हणतात, आणि हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

बेळगाव शहर

वरील दोन्ही अनुभव वाचून लिहावेसे वाटले. आम्हांला मूल नाही. उपचार झाले, नवस झाले. आता दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवून यादीत पुढे सरकण्याची वाट पाहत आहोत. माझा देवावर विश्वास आहे. परंतु हळदीकुंकवाला आलेल्या बायका हातावर अत्तर लावून घेता घेता 'देवाची वेळ यावी लागते' असे ऐकवतात, ते मला सहन होत नाही. ज्याचे दुखते त्याने स्वतःशी हे म्हणावे, दुसऱ्याने त्याला सांगू नये. मार्गशीर्ष पौर्णिमेला सासूबाईंसह सौंदत्तीच्या डोंगरावर जायचे आहे. यल्लम्माची ओटी मी भरणार आहे, पण या वेळी काही मागायचे नाही, असे ठरवले आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. शहापूर-वडगाव भागातून कोणाला यायचे असल्यास कळवावे.