मदत हवी आहे: एका आडनावाच्या वंशावळी फुकट शोधून देतो, आता आवरत नाही

मामाकडचा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागून ठेवतो.

आईच्या माहेरचं आडनाव वडगावकर. आजोबांच्या ट्रंकेत फूलस्केपवर लिहिलेली वंशावळ सापडली आणि तिच्या एका फांदीखाली त्यांच्या अक्षरात 'पुढे अज्ञात' असं होतं. त्या दोन शब्दांनी मी 11 वर्षांपूर्वी या नादाला लागलो. एका घराण्याचा कुलवृत्तांत छापायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण मी घराणं धरलं नाही, आडनाव धरलं. वडगावकर जगात कुठेही सापडो, आमच्यातला असो वा नसो, त्याची नोंद करायची. ब्रिटनमध्ये असं काम करणाऱ्यांची गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही संस्था 1979 पासून आहे, कल्पना तिथली. कुणी विचारलं तर आपल्याकडचं सगळं फुकट शोधून द्यायचं, हा नेमही तेव्हाच करून टाकला. हौस दांडगी होती.

आता अडचण. गावावरून पडलेलं '-कर' आडनाव म्हणजे एक कूळ नव्हे. वडगावं ढिगाने आहेत. 1779 चा तह झाला ते मावळातलं, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव, पुण्यातच वडगाव बुद्रुक आणि वडगाव शेरी. ज्याने गाव सोडलं तो दुसऱ्या गावात वडगावकर झाला, मग तो कुठल्या का जातीचा असेना. माझ्याकडे आज साधारण 4,300 नावं आहेत आणि एकमेकींना न जुळणाऱ्या 37 वेली. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. "पण मूळ एकच ना?" नाही हो, नाही.

पूर्वी विचारणारे बहुतेक निवृत्त, हौशी. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरं उघडली, गाव नमुना 14 आणि कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या) स्कॅन होऊ लागली, आणि माझ्याकडच्या मेलची भाषाच बदलली. आता पहिल्या ओळीत '13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा' असतो. त्यांचं चुकत नाही, ओबीसीच्या जात पडताळणीला ते लागतंच. पण मी कचेरी नाही. 62 मेल पडून आहेत, सगळ्यात जुना 14 महिन्यांपूर्वीचा.

खरं दुखणं पुढे आहे. एका गृहस्थांना त्यांच्या वेलीची पीडीएफ दिली. आठ महिन्यांनी त्यांच्या चुलत भावाचा फोन. जमिनीच्या वारसाच्या तंट्यात माझी वंशावळ जोडली होती आणि तीत या भावाच्या आजोबांचं नाव नव्हतं. मला त्यांची नोंद मिळाली नव्हती, इतकंच. पण कागदावर नाव नाही म्हणजे माणूस झालाच नाही, असा तिथे अर्थ लावला गेला. "तुम्ही कोण आम्हाला घराबाहेर काढणारे?" याला काय उत्तर द्यायचं? पीडीएफच्या तळाला 'केवळ माहितीसाठी' असं बारीक अक्षरात होतं. ते मीही कधी वाचत नाही.

बंद करावंसं वाटतं, पण मनाला पटत नाही. असं काम कुणी चालवत असेल तर सांगा: वंशावळ द्यायची तरी कशी, आणि ढीग कसा उपसायचा?

शेंडीवाला प्लग

पैसे घ्यायला लागा. उद्यापासून 62 चे सहा होतील. फुकटचं म्हटलं की लोक पणजोबाच्या पणजोबाचा फोटो मागतात.

मामाकडचा

मागतात, खरंच मागतात! पण पैसे घेतले की गिऱ्हाईक आलं आणि गिऱ्हाइकाला 'सापडलं नाही' हे उत्तर चालत नाही. जुळवून द्यायचा मोह मलाच होईल. फुकट आहे म्हणून तर 37 वेली 37 राहिल्यात.

फेरफार

महसुलात उभी हयात गेली, म्हणून स्पष्ट लिहितो. मामाकडचा, तुम्ही वंशावळ देऊच नका. नोंदी द्या.

तुमच्या पीडीएफला तसं कायदेशीर वजन काहीच नाही. पण छापील, रेघा आखलेलं झाड दिसलं की वाचणाऱ्याला ते सरकारी वाटतं. अर्जाला वंशावळ लागते ती अर्जदाराने स्वतः प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची असते, म्हणजे खोटी निघाली तर तो अडकतो. तुमची चिकटवली की तो मोकळा आणि शिव्या तुम्हाला.

तेव्हा झाडाऐवजी यादी पाठवा. अमुक गाव, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक अमुक, त्यात ही नावं या नात्याने आली आहेत, प्रमाणित नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. पुष्कळ जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, तेही सांगा. माणूस नक्कल काढेल, सही-शिक्क्याचा कागद त्याच्या हातात पडेल, तुम्ही मध्ये नाही. ज्याला खरंच गरज आहे तो हे करतो. बाकीचे गळतात. तुमचा ढीग इथेच निम्मा होईल.

आणि वारसाच्या नोंदी बघताना गाव नमुना 6-क, म्हणजे वारस नोंदवही, सोडू नका. लोक सातबारा घेऊन येतात, पण सातबाऱ्यावर आजचा धनी दिसतो, मेल्यावर कोण कोण उरलं ते 6-क मध्ये.

मोडीवाली

फेरफार काकांना अनुमोदन. पण 6-क च्या मागे गेलं की मोडी लागते आणि तिथे नोंद देणंही तितकं सोपं नाही, कारण नोंद वाचली कुणी हाही प्रश्न असतो. मामाकडचा, मोडी तुम्ही स्वतः वाचता का?

मामाकडचा

वाचतो, अडखळत. एक चूक कबूल करतो. 'दाजी बिन बाबाजी' (बाबाजीचा मुलगा दाजी) मधला 'बिन' संक्षेपात लिहिलेला होता. मी वाचलं 'दाजीबा', आणि पुढचा बाबाजी नुसताच शेजारी उभा करून टाकला. बाप-लेक दोन वर्षं माझ्याकडे भाऊ म्हणून नांदत होते.

मोडीवाली

होतं असं. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ सलग धावते, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. तोडायचं कुठे हे वाचणाराच ठरवतो. म्हणून माझा नियम असा की मूळ ओळ जशी दिसते तशी एकदा सलग उतरवायची आणि खाली आपण तोडून लावलेला अर्थ. दोन्ही पाठवायचे. दुसऱ्या कुणी वेगळं तोडलं तर भांडण ओळीशी होतं, तुमच्याशी नाही.

याहून मोठा घोटाळा सनांचा. तुमच्याकडच्या जुन्या नोंदी एकदा तपासाच. पेशवाईतल्या कागदावर 'समानीन मया व अलफ' असं अरबी शब्दांत दिसलं तर तो शुहूर सन 1180, त्यात 599 मिळवले की 1779 (वर्ष मृगाला बदलतं, म्हणून साल 1779-80). तोच 1180 कुणी फसली (महसुली कामात चालणारा दुसरा सन) धरला तर 590 मिळवतो आणि 1770 वर येतो. नऊ वर्षांचा फरक. एवढ्यात बाप मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधी मरू शकतो किंवा मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मतो. मी पाहिलेल्या बऱ्याच 'अशक्य' वंशावळींत दोष माणसांचा नव्हता, या नवाचा होता. शालिवाहन शक असेल तर 78 मिळवायचे. कुठला सन धरला ते प्रत्येक नोंदीपुढे लिहा, नुसतं इसवी साल देऊ नका.

आणि दाजीची चूक खोडू नका. दुरुस्तीची तारीख घालून खाली ठेवा. जुनी पीडीएफ कुणाकडे तरी असणारच.

दशमान

मी कागदातला नाही, संगणकातला. दोन-तीन गोष्टी.

परदेशातल्या यादीत शोधताना साउंडेक्सच्या (सारख्या उच्चाराची नावं एका संकेतांकाखाली आणणारी पद्धत) भरवशावर बसला असाल तर अर्धे वडगावकर हातचे गेलेत. 1918 च्या पेटंटमधली ती पद्धत इंग्रजी उच्चारांसाठी आहे. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे. त्यामुळे 'व्ही'ने लिहिलेला वडगावकर जातो व्ही-325 मध्ये, 'डब्ल्यू'ने लिहिलेला डब्ल्यू-325 मध्ये, आणि कुणी मधला 'एन' गाळून वडगाओकर लिहिलं तर डब्ल्यू-322. एकाच बापाचे दोन मुलगे दोन डब्यांत. उलट केळकर आणि कुलकर्णी दोघेही के-426! तेव्हा रोमन स्पेलिंगची स्वतःची यादी करा आणि प्रत्येक स्पेलिंग वेगळं शोधा.

माहिती कशात ठेवलीय? एक्सेल म्हणू नका.

मामाकडचा

एक्सेल.

दशमान

देवा. ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्रॅम घ्या, फुकट आहे, देवनागरी नीट चालतं. त्यात माणूस वेगळा, घटना वेगळी आणि पुरावा वेगळा ठेवता येतो. फेरफार आणि मोडीवाली जे सांगताहेत ते त्यात मुळातच आहे. बाहेर देताना जेडकॉम फाइल निघते, म्हणजे वंशावळीचे प्रोग्रॅम एकमेकांना देतात तो साचा. जेडकॉमचं 2021 चं 7.0 रूप यूटीएफ-8 (देवनागरीसकट सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरांची संकेतपद्धत) शिवाय दुसरं काही घेतच नाही, त्यामुळे नावांची प्रश्नचिन्हं होत नाहीत. जुन्या प्रोग्रॅममधून फाइल आली तर आधी नावं उघडून बघा, मगच मिसळा. मिसळलेलं झाड सुटं करणं म्हणजे गुंतलेली लोकर सोडवणं.

जिवंत माणसं मात्र बाहेर जाताच कामा नयेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेला वापर वगळलाय हे खरं, पण अनोळखी माणसांना उत्तरं देणारी सेवा त्यात बसते असं धरून चालू नका. निर्यात करताना जिवंतांना वगळायची सोय ग्रॅम्प्समध्ये आहे. मृत्यूची नोंद नसेल आणि जन्माला 100 वर्षं झाली नसतील तर जिवंत समजा.

सातासमुद्रा

मी विचारणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. अशाच एका काकांनी (वेगळं आडनाव) मला पत्र पाठवून आजीच्या सख्ख्या बहिणीचं घर शोधून दिलं होतं. वर्ष लागलं. पण मधल्या काळात त्यांचं एक चार ओळींचं उत्तर आलं होतं की 'तुमचा क्रमांक 31, दिवाळीपर्यंत हात लागणार नाही.' मी निवांत बसले. 14 महिने गप्प राहू नका हो, नाहीतर माणसाला वाटतं आपलंच काही चुकलं.

दुसरं जरा टोचणारं आहे. तुमच्या 4,300 मध्ये बायका किती? आडनाव धरलं की लेकी लग्नाच्या मांडवातच संपतात आणि सुना 'पत्नी' एवढ्याच उरतात. माझ्या आजीच्या माहेरच्या वंशावळीत पाच भावांची नावं आहेत आणि शेवटी 'कन्या 3'. आकडा! तुम्ही स्वतः आईकडून आलात, म्हणून विचारलं.

मामाकडचा

बायका 600 च्या आसपास असतील. त्यातल्या निम्म्यांचं नाव नाही, 'कन्या' किंवा 'कुटुंब' एवढंच. लाज वाटली, खरं सांगतो. आणि हसूही आलं, कारण माझ्याच नियमाने मी माझ्या झाडात बसत नाही. आईपाशी फांदी थांबते.

फेरफार

सातासमुद्रा ताईंचा मुद्दा हळवा नाही, कोरडा व्यवहार आहे. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती होऊन मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलार्जित मालमत्तेची मुलासारखीच हिस्सेदार, झाली. आजच्या निम्म्या तंट्यांत प्रश्नच हा असतो की बहिणी किती होत्या. तुमच्या झाडात त्या नाहीत आणि ते झाड कुणी पुढे केलं, तर बहिणी वगळायला तुम्हीच मदत केलीत असं होतं. जुन्या फेरफारांत बहिणींची हक्कसोड सापडते, नावागावासकट. तिथे शोधा.

मोडीवाली

तीर्थोपाध्यायांच्या वह्याही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार. क्षेत्राला कोण कोण आलं ते बऱ्याचदा स्वतःच्या सहीने असतं आणि बायकांची नावं तिथे कचेरीपेक्षा जास्त भेटतात. मात्र वही आडनावापेक्षा मूळ गावावरून लवकर उघडते. विचारणाऱ्याला आधी गाव विचारा, मगच पुढे.

शेंडीवाला प्लग

पैशाचं माझं म्हणणं मागे घेतो. पण दर महिन्याला किती उत्तरं ते ठरवून टाका, नाहीतर इथेही 'क्रमांक 31' होऊन बसाल.

मामाकडचा

मंडळी, दोन दिवस घेतले, मग लिहायला बसलो. 62 जणांना काल रात्री चार-चार ओळी गेल्या. क्रमांक दिला, मूळ गाव आणि सर्वांत जुना कागद कुठला तेवढं विचारलं. महिन्याला पाच उत्तरं. सकाळपर्यंत नऊ जणांचं उत्तर आलं, तिघांनी 'राहू द्या, काम झालं' म्हटलं, एकाने विचारलं की अर्जंट असेल तर काही होईल का.

झाड देणं बंद. नोंदींची यादी, नक्कल कुठे मिळेल ते, मोडी असेल तर सलग ओळ आणि खाली माझा अर्थ. जिथे नोंद नाही तिथे 'नोंद सापडली नाही, शोधलेली दप्तरं ही' असं, आणि दप्तरांची नावं. ज्या भावाचा फोन आला होता त्यांना तसं सहीचं पत्र पाठवलंय की तुमच्या आजोबांच्या गावचं कोतवाल बुक मी उघडलेलंच नव्हतं. त्यांनी तलाठ्याकडे विचारणा केली म्हणतात.

ग्रॅम्प्स टाकलंय. 4,300 नावं एक्सेलमधून उचलताना पहिल्याच फटक्यात सगळ्या 'कन्या' एकीतच मिसळल्या, म्हणजे सदतीस वेलींची मिळून एकच लेक. दशमान, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा, हे कसं सोडवायचं?