ट्रान्सफेरिनमधलं लोह नायसेरिया काढतंय तरी कसं?

नांदेडकर_मायक्रो:
बीएस्सी सेकंड इयर, परवा व्हायवा आहे अन् एक गोष्ट डोक्यात शिरंना. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन लोहाला इतकं गच्च धरून ठेवतंय की मोकळं लोह जवळपास नसतंयच, हे कळलं. ई. कोलाय जंतू सिडेरोफोर, म्हणजे लोह पकडणारा छोटा रेणू, सोडून लोह ओढतंय, तेबी कळलं. पण मेंदूज्वराचा जंतू नायसेरिया स्वतःचा सिडेरोफोर बनवतच नाही म्हनायलेत सर, मग लोहाशिवाय मेंदूज्वर कसा करतंय ते? नोट्समधे नुसतं टीबीपी (ट्रान्सफेरिन धरणारं प्रथिन) ए, टीबीपी बी लिहून सोडून दिलंय.

लॅबमधला_उंदीर:
सर बरोबर सांगायलेत. ते सरळ ट्रान्सफेरिनलाच धरतंय. टीबीपी बी पेशीच्या बाहेर लोंबत असतंय अन् त्याला लोह भरलेलं ट्रान्सफेरिनच जास्त चिकटतंय. धडधाकट माणसात ट्रान्सफेरिनच्या साधारण 30 टक्केच जागा भरलेल्या असतात ना, मग मोंढ्यातला हमाल कसा भरलेलंच पोतं पाठीवर घेतो, तसं. टीबीपी ए बाहेरच्या पटलात रुतलेलं, प्रथिनाच्या 22 पट्ट्यांचं पिंप. ट्रान्सफेरिनचे दोन लोब (भाग), एन अन् सी, एकेकात एक लोह, टीबीपी ए फक्त सी लोबला धरतंय, टीबीपी एचा छोटा हेलिक्स (पिळदार तुकडा) लोबच्या फटीत घुसतो, फट उघडते अन् लोह पिंपातून आत. ताकद आतल्या पटलाकडून, टॉनबी नावाच्या प्रथिनामार्फत. टीबीपी एचं स्ट्रक्चर 2012 ला आलं, साल सांग, बाहेरचे परीक्षक खूश होतील.

ढोरांचा_डॉक्टर_परभणी:
अन् नायसेरियाला माणसाचंच ट्रान्सफेरिन लागतंय बरं का, उंदराचं चालंना, म्हणून प्रयोगात उंदराला माणसाचं ट्रान्सफेरिन टोचतेत. आमच्याकडं डुकराच्या न्यूमोनियाचा जंतू ॲक्टिनोबॅसिलस आहे, त्याचीबी टीबीपीची जोडी, पण त्याला डुकराचंच पाहिजे. 2014 ला अमेरिकेत माकड, वानर, माणूस अशी ट्रान्सफेरिनची तुलना झाली, तर टीबीपी ए जिथं चिकटतंय नेमक्या त्याच जागा उत्क्रांतीत भराभर बदललेल्या निघाल्या, म्हणजे जंतूच्या पकडीतून सुटायला. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं, व्हायवात कुणी विचारो न विचारो.

लातूरची_ताई:
सासूबाईंना ताप होता तवा डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या थांबवल्या, त्याचं कारण हेच का?

लॅबमधला_उंदीर:
हाव ताई, साधारण तेच. इन्फेक्शनमधे शरीर स्वतःच हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवून रक्तातलं लोह कमी करतंय. पण गोळ्या परत कधी चालू करायच्या ते डॉक्टरलाच विचारा.

नांदेडकर_मायक्रो:
लई थँक्यू राव. लोह काढून घेतल्यावर रिकाम्या ट्रान्सफेरिनचं काय करतंय? अन् लॅक्टोफेरिन, ते दुसरं लोह धरणारं प्रथिन, त्यालाबी हेच टीबीपी का?

लॅबमधला_उंदीर:
रिकामं सोडून देतंय, दुसरं धरतंय. लॅक्टोफेरिनला वेगळी जोडी, एलबीपी ए अन् बी. लॅक्टोफेरिन लाळेत, डोळ्याच्या पाण्यात असतंय, गोंधळ करू नको.